फॅन फिरतोय, डिस्प्ले नाही

चालू कॉम्प्युटरकडे घरात कुणी ढुंकून बघत नाही. तो बंद पडला की मात्र घरातल्यांना, शेजाऱ्यांना, जिन्यात गाठ पडलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींनासुद्धा त्याच्याबद्दल काहीतरी सांगायचं असतं. त्यातही आपणहून बंद पडलेला कॉम्प्युटर वेगळा आणि धडधाकट असताना उघडून, आतलं सामान बदलून, पुन्हा जोडल्यावर बंद पडलेला वेगळा. पहिल्याला सहानुभूती मिळते. दुसऱ्याच्या वाट्याला आधी 'चांगला चालला होता, कुणी सांगितलं होतं हात लावायला?' हे वाक्य येतं. ते घरातल्या प्रत्येकाचं एकेकदा म्हणून झालं की मग उपाय सुरू होतात.

माझ्या ताईकडे, पुण्यात, गेल्या दसऱ्याला हे सगळं साग्रसंगीत पार पडलं. मी सणाला म्हणून गेलो होतो. माझ्याकडे कामगिरी एकच, मोबाइलचा टॉर्च धरायचा. टॉर्च धरणाऱ्याचं मत कुणी विचारत नाही, त्यामुळे बघायला भरपूर मिळतं.

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरातला कॉम्प्युटर तो शाळेत असताना घेतलेला. कॅबिनेट तेवढं ठेवायचं आणि आतलं सगळं बदलायचं, असा त्याचा बेत होता. एएम5 सॉकेटचा मदरबोर्ड, त्यावर रायझनचा प्रोसेसर, डीडीआर5 रॅमच्या दोन पट्ट्या, नवा एसएमपीएस. यादी महिनाभर फ्रिजवर चिकटवलेली होती आणि ताई तिच्याखाली किराणा लिहीत होती. सामान पुण्यात तापकीर गल्लीत घ्यायचं की मुंबईला लॅमिंग्टन रोडला, यावर घरात दोन तट पडले. लॅमिंग्टन रोडच्या पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं आहे आणि ते वाचण्याचे कष्ट आजवर एकाही गिऱ्हाइकाने घेतलेले नाहीत. भावोजींचं म्हणणं, मुंबईत दर पार्टामागे शंभर-दोनशे सुटतात. जाण्यायेण्याचं भाडं, दादरचा वडा आणि एक अख्खा दिवस त्यांनी हिशेबात धरला नव्हता. शेवटी तापकीर गल्ली जिंकली, कारण तिथे 'नाही चाललं तर उद्या तोंडावर नेऊन टाकता येतं' हा ताईचा मुद्दा बिनतोड ठरला.

भावोजी वीज खात्यातून निवृत्त झालेत. हे ते स्वतःच सांगतात. खात्याच्या हिशेब विभागातून, हे आम्ही सांगतो. पण ज्या वस्तूला वायर आहे ती आपल्या अखत्यारीत येते अशी त्यांची धारणा आहे आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो.

सामान आलं अष्टमीला. आजींनी, म्हणजे ताईच्या सासूबाईंनी, जाहीर केलं की उद्या खंडेनवमी, तेव्हा आजच जोडून ठेवा, हत्यारांबरोबर त्याचीही पूजा होईल. त्यामुळे मशीन रातोरात जोडलं गेलं. सकाळी पाटावर भावोजींची पक्कड, आजींची शिवणकामाची कात्री, ताईची विळी आणि मधोमध एका बाजूने उघडं कॅबिनेट. आजी चिमटीत कुंकू घेऊन थेट मदरबोर्डाच्या दिशेने निघाल्या तेव्हा भाचा ओरडला, "आजी, आत नको! वरच्या पत्र्याला लाव!" आजींनी पत्र्याला लावलं. पुढे जे जे झालं त्या प्रत्येक वेळी त्या 'आत लावू दिलं असतं तर' एवढंच म्हणत होत्या आणि पुढचं वाक्य ऐकणाऱ्यावर सोडत होत्या.

नारळ फुटला, भाच्याने बटण दाबलं आणि काहीच झालं नाही.

हा पहिला अंक फार लांबवण्यात अर्थ नाही. एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, पाठीमागे एक काळं बटण असतं. एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला गोल. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. भावोजींच्या मते गोल म्हणजे पूर्ण, पूर्ण म्हणजे सर्किट पूर्ण, सबब चालू. पूजेआधी फडकं मारताना त्यांनी ते आठवणीने गोलावर आणून ठेवलं होतं. हे उघड व्हायच्या आत दुकानदाराला दोन फोन झाले होते आणि 'चायना माल' हा शब्द सगळ्यांचा वापरून झाला होता.

बटण रेघेवर आलं. पंखे फिरले. टाळ्या पडल्या. स्क्रीन काळा तो काळाच.

ज्यांनी कधी हा प्रकार केलेला नाही त्यांना सांगतो, या धंद्यात 'फॅन फिरतोय पण डिस्प्ले येत नाही' हे वाक्य 'ताप नाही पण बरं वाटत नाही' याच्या तोडीचं आहे. त्यावरून कुठलाही वैद्य काहीही निदान करू शकतो. पंखे फिरताहेत म्हणजे वीज पोचते आहे, इतकंच कळतं. विचार सुरू झालाय की नाही ते पंख्यावरून कळत नाही. हे माणसांच्या बाबतीतही खरं आहे, पण तो विषय वेगळा.

नव्या मदरबोर्डावर कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. चालू होताना बोर्ड एकेक तपासत पुढे जातो आणि जिथे अडतो तिथला दिवा पेटता राहतो. आमच्याकडे सीपीयूचा लाल दिवा पेटला होता. भाच्याने डोकं खुपसलं, मला म्हणाला, "मामा, टॉर्च जरा वर," आणि दोन मिनिटांत कारण सापडलं. एसएमपीएसमधून बोर्डाला चोवीस पिनांचा एक जाडजूड प्लग जातो. तो बसवताना इतका जोर लागतो की सगळं काम झाल्यासारखं वाटतं. पण प्रोसेसरला 12 व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. त्यासाठी आठ पिनांचा दुसरा प्लग असतो आणि त्याची जागा बोर्डाच्या अशा कोपऱ्यात असते जिथे बोट पोचत नाही. आमचा दुसरा प्लग कॅबिनेटच्या पत्र्यामागे आरामात लोंबत होता. बोर्डाला जेवण मिळत होतं, मेंदू उपाशी होता. तो लावला, लाल दिवा गेला आणि शेजारचा पिवळा लागला. डीरॅम.

खरं नाट्य इथून पुढे.

पिवळा दिवा लागल्यावर साधारण मिनिटभर सगळे गप्प उभे होते. मग भावोजी म्हणाले, "बंद कर. काहीतरी जळेल." बंद केलं. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे जो जो आला त्याने उपाय वेगळा सांगितला, पण सुरुवात 'आधी बंद कर' अशीच केली.

भावोजींनी टेस्टर काढला आणि कॅबिनेटच्या पत्र्याला लावला. टेस्टरमधला लाल दिवा मंद पेटला. त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर इतकं समाधान मी पाहिलं नव्हतं. "बॉडीला करंट आहे!" आणि खरंच होता. उघड्या पायाने पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येत होत्या. याचं कारण गमतीचं आहे. प्रत्येक एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून पत्र्याकडे, एक न्यूट्रलकडून पत्र्याकडे. पत्रा जमिनीला जोडलेला असला, म्हणजे अर्थिंग असलं, की जो काही अंश येतो तो मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग नसलं की पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो आणि त्याच्यावर 230 च्या निम्मे, साधारण 115 व्होल्ट दिसतात. करंट अगदी किरकोळ, पण टेस्टर पेटवायला आणि भावोजींना पेटवायला पुरेसा. ताईकडचा एक्सटेन्शन बोर्ड तीन पिनांचा असला तरी त्याची वरची जाड पिन कधीतरी पक्कडीने उपटून काढलेली आहे, कारण ती भिंतीच्या प्लगात जात नव्हती. पक्कड कुणाची होती ते पाटावर दिसतच होतं.

तर दोष खरा होता, धोक्याचाही होता, आणि चालू प्रकरणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण एवढं शास्त्रशुद्ध काहीतरी सापडल्यावर ते सोडायचं कसं? कॅबिनेटला एक वायर गुंडाळून तिचं दुसरं टोक मोरीतल्या नळाला बांधायची योजना निघाली. नळ गेल्या दिवाळीत प्लॅस्टिकचा झालाय, हे ताईने सांगितलं तेव्हा ती बारगळली.

दुपारी वरच्या मजल्यावरचे काका आले. काकांनी नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर 'असेंबल' करून विकले आहेत. तेव्हा पेंटियम म्हणताना लोक जरा ताठ बसत. सी-डॅकने याच पुण्यात 1991 साली परम 8000 हा महासंगणक उभा केला, त्याचा उल्लेख काका 'आमच्या वेळी' अशा सुरात करतात. काकांनी कान कॅबिनेटला लावला. "बीप किती येतात?"

बीपचं म्हणाल तर काकांचं चुकलं नव्हतं, फक्त काळ चुकला होता. आयबीएमने 1981 साली पहिला पीसी काढला तेव्हापासून यंत्र चालू होताना स्वतःची तपासणी करतं आणि निकाल बोलून दाखवतं. एक आखूड बीप म्हणजे सगळं ठीक. पुढे ही तपासणी करणारा बायोस बनवणाऱ्या कंपन्यांनी आपापल्या बोली काढल्या. अवॉर्डच्या बायोसमध्ये एक लांब, दोन आखूड म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डातून आवाज आले की अर्थ वेगळा असू शके. त्या काळातली पोरं हे पाढ्यांइतकं पाठ करत. आता बोर्डावर स्पीकर लावायच्या चार पिना असतात, स्पीकर नसतो. काका दहा मिनिटं मुक्या डब्याला कान लावून बसले होते. उठताना म्हणाले, "बीपच येत नाही म्हणजे बोर्डच गेला." स्पीकरच नाहीये हे भाच्याने सांगितलं. काकांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू नव्या पिढीने घंटा नसलेलं देऊळ बांधलं आहे.

पण काका हरणारे नव्हते. त्यांनी भात्यातून दुसरा बाण काढला. "खोडरबर आण."

रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासणे हा आपल्याकडचा सर्वमान्य उपचार आहे. गंज, धूळ, पावसाळी हवेने आलेला थर निघून जातो आणि जुन्या मशिनला याने हटकून गुण येतो, यात शंका नाही. कोकणात तर चार महिने पावसाचे झाले की दुकानात दुसरं काम नसतं. मात्र इथे रॅम कालच पाकिटातून निघाली होती. काकांनी पांढरा खोडरबर घेऊन पट्टीच्या दोन्ही बाजूंनी 288 दात तन्मयतेने घासले. डीडीआर4 ला पण 288 च असतात आणि खाच तेवढी जराशी सरकवलेली असते, म्हणून एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. काकांनी ही माहिती ऐकून घेतली आणि "आमच्या वेळी बहात्तर होते" असं म्हणून घासणं चालू ठेवलं. खोडरबराचा चुरा बोर्डावर पडू नये म्हणून ताईने खाली वर्तमानपत्र धरलं होतं. रॅम पुन्हा बसवली. आधी दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत होती, ते बरोबर होतं. काकांनी पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत बसवली, कारण 'मोजायला एकपासून सुरुवात करतात.' चालू केलं. पिवळा दिवा. मिनिटभर. "बंद कर."

फोनवरून एका सॉफ्टवेअर कंपनीतल्या चुलतभावाने 'फॉरमॅट मारून बघ' असा सल्ला दिला. ज्या मशिनवर एक अक्षर उमटत नाही त्यावर फॉरमॅट कुठून मारायचा, असं भाच्याने विचारलं, तेव्हा 'मग विंडोजच उडालंय' असा खुलासा आला. या सल्ल्याबद्दल मला कुतूहल आहे. हार्ड डिस्क मोडो, किबोर्डवर चहा सांडो, गाव बुडो, आपल्याकडे फॉरमॅट मारला जातो. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मशीन दक्षिणेला तोंड करून ठेवलंय याकडे लक्ष वेधलं. टेबल फिरवलं. पिवळा दिवा पश्चिमेलाही तितकाच पिवळा होता.

या सगळ्यात भांडी घासायला आलेल्या मावशींनी दारातून विचारलं, "त्या टीव्हीचं स्वतःचं बटण चालूय ना?" मॉनिटरचं बटण चालू होतं. पण त्या दिवसभरात प्रश्न विचारणारं माणूस तेवढंच. बाकी सगळे उत्तर घेऊनच आले होते.

दुकानदाराचं म्हणणं फोनवर स्पष्ट होतं. रॅम नवी आहे, सील तोडलेलं आहे, तुम्ही खोडरबर लावला असेल तर वॉरंटीचं मी काही बोलत नाही. खोडरबराचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याने ते गृहीतच धरलं होतं.

संध्याकाळी भाच्याने सरळ रस्ता धरला. सगळं कॅबिनेटमधून बाहेर काढायचं, बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवायचा, त्याला प्रोसेसर, पंखा आणि रॅमची एकच पट्टी एवढंच जोडायचं आणि बटणाच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून चालू करायचं. कॅबिनेटच्या पत्र्याला बोर्ड कुठे टेकत असेल, एखादा पितळी खुंट नको त्या भोकात राहिला असेल, तर ते यात वगळलं जातं. दुरुस्तीवाले हेच करतात आणि हेच सर्वात आधी करायला हवं. पण जेवणाचं टेबल अडणार असल्याने ताईची परवानगी उशिरा मिळाली.

एसएमपीएस तपासायचा राहिला होता. ती जुनी युक्ती भावोजींना कुणीतरी सांगितली होती, आणि ऑफिसातून आणलेल्या यू-पिनांचा त्यांच्याकडे आयुष्यभर पुरेल एवढा साठा आहे. चोवीस पिनांच्या प्लगात एक हिरवी वायर असते. बोर्ड त्या वायरीनेच एसएमपीएसला 'उठ' म्हणतो. प्लग बोर्डातून काढून हिरवी आणि काळी यू-पिनने जोडली की एसएमपीएस बोर्डाशिवायच चालू होतो, म्हणजे निदान तो तरी जिवंत आहे हे कळतं. भावोजी यू-पिन वाकवून तयार झाले आणि प्लग हातात घेऊन बघत राहिले. नव्या एसएमपीएसच्या सगळ्याच्या सगळ्या वायरी काळ्या होत्या. हल्ली दिसायला बरं दिसतं म्हणून सगळ्याच काळ्या करतात. "यातली हिरवी कुठली?" हा प्रश्न त्यांनी अतिशय गंभीरपणे विचारला. सोळावी, असं भाच्याने सांगितलं. कुठल्या बाजूने सोळावी यावर पुन्हा थोडा वेळ गेला. शेवटी पंखा गर्रकन फिरला. एसएमपीएस निर्दोष सुटला.

खोक्यावरच्या बोर्डालाही तोच पिवळा दिवा. मिनिटभर वाट बघितली. मग काकांचा फोन आला की बोर्डावरचा सेल काढून पाहा. नाण्यासारखा गोल तो सीआर2032, तीन व्होल्टचा, वजनकाट्यात असतो तोच. तो काढून थोड्या वेळाने परत घातला की बोर्ड आपली सगळी सेटिंगं विसरतो. काढला, घातला. पिवळा दिवा. नवमीची रात्र अशीच गेली, आणि आजी झोपायला जाताना म्हणाल्या, "आत लावू दिलं असतं तर."

दसऱ्याला दुपारी श्रीखंडपुरीमुळे मनुष्यबळ आडवं झालं. चारच्या सुमाराला भाच्याने बोर्ड परत कॅबिनेटमध्ये बसवला, रॅम पुन्हा दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत घातली आणि बटण दाबलं. पिवळा दिवा लागला. आणि त्याच वेळी दाराची बेल वाजली. सोनं द्यायला माणसं आली होती.

दसऱ्याला सोनं द्यायला लोक एकदा सुरू झाले की थांबत नाहीत. भाच्याला उठून प्रत्येकाच्या पाया पडावं लागलं. भावोजींचे दोन्ही हात आपट्याच्या पानांनी भरलेले, त्यामुळे टेस्टर खिशातच राहिला. काका वरून खाली आले, पण ते चिवड्याच्या बशीत अडकले. मी टॉर्च विझवून ठेवला. एवढ्या वेळात त्या मशिनकडे कुणीही, अगदी कुणीही, बघितलं नाही आणि त्यामुळे 'बंद कर' असं म्हणायला कुणी मोकळं नव्हतं.

पाहुण्यांपैकी एकाची मुलगी, तिसरीतली असेल, आतून येऊन म्हणाली, "आत काहीतरी इंग्लिशमध्ये लिहून आलंय."

स्क्रीनवर लिहिलेलं होतं की नवा प्रोसेसर बसवलेला दिसतो आहे, सेटिंग करायला एफ1 दाबा.

आता यात काय घडलं होतं ते सांगतो, कारण घरात ते अजून कुणाला मान्य नाही. डीडीआर5 रॅमवर 6000 असा आकडा लिहिलेला असतो. म्हणजे एकेका तारेवरून सेकंदाला सहाशे कोटी वेळा शून्य किंवा एक पाठवायचा. एका शून्याच्या वाट्याला नॅनोसेकंदाचा सहावा हिस्सा येतो. तेवढ्यात प्रकाशसुद्धा पोकळीत पाच सेंटिमीटर जातो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेतून संदेश त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे इंचभर. मग कुठल्या रेषेवरचा संदेश नेमका कुठल्या क्षणी वाचायचा, किती व्होल्टला शून्य म्हणायचं आणि किती व्होल्टला एक, हे कारखान्यात ठरवून देता येत नाही. प्रत्येक बोर्डाचं आणि प्रत्येक रॅमचं गणित थोडं वेगळं. म्हणून प्रोसेसर पहिल्यांदा चालू झाला की एकेका रेषेवर ठरलेले आकडे पाठवतो, परत वाचतो, चुकले तर क्षण थोडा अलीकडे घेतो, थोडा पलीकडे घेतो, पुन्हा वाचतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएम5 चे बोर्ड 2022 साली आले तेव्हा पहिल्या पहिल्यांदा जगभरातल्या लोकांनी याच कारणाने नवीकोरी मशिनं मेली असं समजून दुकानात परत नेली असतील, तर मला नवल वाटणार नाही. कारण हे शिक्षण चालू असताना स्क्रीन काळा असतो, पंखा फिरत असतो, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो, आणि रॅम जास्त असली तर हे काही मिनिटं चालू शकतं. संपलं की बोर्ड उत्तरं लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी झटकन उठतो.

ट्रेनिंग मध्येच बंद पाडलं, रॅम काढली, तिची जागा बदलली, किंवा सेल काढून बोर्डाला सगळं विसरायला लावलं की पाटी कोरी होते आणि अभ्यास पहिल्यापासून सुरू. थोडक्यात, आठ पिनांचा प्लग लावल्यापासून ते सोनं द्यायला माणसं येईपर्यंत त्या मशिनमध्ये कुठलाही बिघाड नव्हता. भावोजींनी, काकांनी आणि खोडरबराने मिळून त्याला दर खेपेला पहिल्या धड्यावर आणून बसवलं होतं.

हे कुठेतरी लिहिलेलं असायला हवं ना? लिहिलेलं होतं. रॅमच्या खाचांवर एक कागदी पट्टी चिकटवलेली होती. तिच्यावर बारीक इंग्रजीत लिहिलं होतं की पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं वेळ लागेल, धीर धरा. ती काढल्याशिवाय रॅम बसतच नाही, म्हणून भाच्याने ती सोलून खोक्याच्या झाकणाला डकवली. अष्टमीच्या रात्री त्या पट्टीच्या कोऱ्या जागेत ताईने दुधाचा हिशेब लिहिला होता. हिशेब बरोबर होता.

श्रेयाची वाटणी त्याच संध्याकाळी झाली. काकांच्या मते खोडरबराचा गुण यायला एक रात्र जावी लागते. भावोजींच्या मते कॅबिनेट बाहेर काढलं तेव्हा बॉडीतला करंट उतरला. सेक्रेटरींनी टेबल पश्चिमेला केल्याची नम्रपणे आठवण करून दिली. आजींनी काही न बोलता पत्र्यावरचं हळदकुंकू बोटाने पुन्हा थोडं ठळक केलं. भाच्याने ट्रेनिंगचं सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून भावोजी म्हणाले, "म्हणजे पहिल्यापासून चालूच होतं म्हणतोस? मग दोन दिवस आम्ही काय केलं?" याचं उत्तर पोराने दिलं नाही. संस्कार चांगले आहेत.

मशीन आता उत्तम चालतंय, त्यामुळे त्याच्याकडे कुणी बघत नाही. एक्सटेन्शन बोर्डाची उपटलेली पिन मात्र अजून तशीच आहे आणि पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात. बिघाड म्हणावा असा तेवढाच होता आणि तेवढाच शिल्लक आहे.

तेव्हा येत्या पाडव्याला किंवा दसऱ्याला कुणी नवं मशीन जोडणार असाल तर एवढंच करा. पाठीमागचं बटण रेघेवर आहे ना ते बघा, आठ पिनांचा प्लग लावा, दोन रॅम असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा, बोर्डावर लावायचा छोटा स्पीकर मिळाला तर दुकानातून घेऊन या, आणि बटण दाबल्यावर पंधरा मिनिटं त्या डब्याला बोट लावू नका. जळका वास किंवा धूर आला तर गोष्ट वेगळी. अर्थिंगसाठी खरा वायरमन बोलवा. आणि घरात भावोजी असतील तर ती पंधरा मिनिटं त्यांना दूध आणायला पाठवा.